रेषेलगतची पट्टी

मी गवत राखतो. सदतीस वर्षं झाली.
माणसांतलं मला फारसं कळत नाही,
पण विलफ्रीड याब्लोंका मला पायांवरून कळायचा.

सतरा वर्षांचा असताना तो कालव्यापलीकडून आला,
बापाच्या सायकलवर, दांडीला बूट लटकावून.
बाप सहा दिवस कोळशाच्या खाणीत
आणि रविवारी शर्यतीच्या कबुतरांत.
पोरगं डाव्या बाजूचा बचावपटू.
धावण्यापेक्षा थांबण्यात हुशार.
कोपऱ्याच्या झेंड्यापासून बावीस पावलांवर
त्याच्या टाचांनी खळगा पडायचा,
तो दर सोमवारी मी भरायचो,
थोडी माती घालून, थोड्या शिव्या घालून.

दोनशे अकरा सामने. गोल चार.
पाचवा आपल्याच जाळ्यात,
परक्या गावात, ब्याऐंशीव्या मिनिटाला,
आणि आमचा क्लब एक पायरी खाली.
परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.
सामान उचलायला म्हणून मला नेलं होतं त्या दिवशी,
मागे पाण्याच्या क्रेटवर बसलो होतो.
मीही उठून गेलो नाही.
हे कुठेतरी सांगायचं राहिलं होतं.

पुढे गुडघा गेला.
मग शिट्टी, मग दहा वर्षांची पोरं,
मग कुणाचा तरी मदतनीस, पिशवीत शंकू घेऊन.
मुख्य प्रशिक्षक झाला तो अशासाठी
की दुसरं कुणी परवडत नव्हतं.
पहिल्या सामन्याला बापाच्या दफनाचा कोट घालून आला.
बाह्या आखूड.

आणि माझा त्रास जागा बदलून पुन्हा सुरू झाला.
रेषेलगत सात पावलं इकडे, सात पावलं तिकडे,
नव्वद मिनिटं.
ऑक्टोबरपर्यंत तिथे नुसती माती उरायची.
डेन्मार्कहून चिवट बी मागवलं, तेही हरलं.
शेवटी म्हटलं, विली, एका जागी उभा राहत जा की.
तो म्हणाला, बाप कबुतरांची वाट बघताना
अंगणात असाच फिरायचा.
थांबलं की ती उतरत नाहीत, म्हणायचा.

त्या वर्षी उतरली.
आम्ही वर चढलो, लोकांनी माझं गवत उपटून
आठवण म्हणून खिशात घालून नेलं,
आणि मी, मी! त्यांना उपटू दिलं.

मग मोठ्या गावांचे फोन आले. गेला.
दोन हंगाम पूर्वेला, एक उत्तरेला बंदराच्या गावी,
एक हिवाळा ग्रीसमध्ये. तिथून पोस्टकार्ड आलं:
‘इथलं गवत प्लास्टिकचं आहे. तुला बघवणार नाही.’
बाकी काही नाही. खाली नाव.

परतला तेव्हा केस पांढरे आणि क्लब कर्जात.
शेवटच्या मिनिटाची पेनल्टी त्यानं तायफुनला दिली,
एकोणीस वर्षांचं पोर, बूट उसने.
चेंडू अजून सापडलेला नाही.
बसमध्ये पोरगं खिडकीला कपाळ लावून बसलं.
विली पुढची जागा सोडून मागे गेला,
शेजारी बसला, बोलला काहीच नाही.
खिशातून उकडलेलं अंडं काढलं, सोललं,
अर्धं त्याच्यापुढे धरलं.
बराच वेळ धरून ठेवलं.
वर्तमानपत्रात आलं: पेनल्टी कुणी मारायची ते मी ठरवलं.

मंगळवारी त्याला नारळ मिळाला.
आमच्याकडे नारळ सेलोफेनमध्ये गुंडाळून येतो,
आत गुलाब असतात.
ते बगलेत मारून तो माझ्या शेडमध्ये आला,
किल्ली खिळ्याला अडकवली,
आणि म्हणाला, आता पेर बी.

पेरलं.
नवा प्रशिक्षक बसून असतो, मांडीवर पडदा घेऊन,
चांगला आहे, नमस्कार करतो.
एप्रिलात ती पट्टी भरून आली,
अख्ख्या मैदानात तिथलं गवत सगळ्यात दाट.
मला त्याचा आनंद व्हायला हवा.
यंत्र घेऊन तिकडे मी सगळ्यात शेवटी जातो.